जावळीचे मुंबईतील दप्तर

जावळी हे नाव उच्चारले म्हणजे इतिहासभक्तांच्या डोळ्यांपुढे चंद्रराव मोऱ्यांचे अरण्य, १६५६ सालची शिवछत्रपतींची स्वारी आणि त्यानंतर तीन वर्षांनी प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेले अफझलखानाचे पारिपत्य ही चित्रे उभी राहतात, आणि ते योग्यच होय. या खोऱ्यातील पाटील-कुळकर्ण्यांच्या घरचे कागद पाहण्यास संशोधक पूर्वीपासून येत आले आहेत व अजूनही येतात. मेढ्यास जे येतात त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मोडी काही शिल्लक आहे काय? जे असेल ते त्यांस दाखविले जाते. परंतु त्याच घरी, त्याच फडताळात, लाल कापडी बांधणीच्या ज्या लांबट वह्या पडलेल्या असतात त्यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. ‘ह्या काय, मुंबईच्या वह्या,’ असे घरधनी म्हणतो आणि पाहुणा पुढे वळतो. या वह्यांकडे संग्राहकांचे लक्ष वेधावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आमचे म्हणणे असे आहे, की जावळीच्या गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासाचे अर्धे दप्तर मुंबईच्या चाळींत लिहिले गेले. आणि मुंबईच्या कष्टकरी वस्तीच्या इतिहासाची एक किल्ली या डोंगरातल्या फडताळांत पडलेली आहे. उंबऱ्यावरचा दिवा जसा घरात आणि अंगणात दोहोंकडे उजेड पाडतो, त्या देहलीदीपन्यायाने ही वही गाव आणि शहर या दोहोंना उजळणारी आहे.

प्रथम वही म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. जावळी तालुक्यातील बहुतेक गावांचे मुंबईत एकेक मंडळ असते. त्याचे नाव कोठे ग्रामस्थ मंडळ, कोठे ग्रामविकास मंडळ, कोठे ग्रामदैवताच्या नावाचे असे असेल; पण गावचे लोक त्यास नुसते ‘मुंबईकर’ म्हणतात. ‘यंदा मुंबईकरांनी देवळाचे छप्पर केले’, ‘मुंबईकर आल्यावाचून सभा भरावयाची नाही’ अशी भाषा येथे नित्य ऐकू येते. या मंडळाचे मूळ घर म्हणजे गावकीची खोली. लालबाग, परळ, नायगाव, वरळी, डिलाईल रोड, मशीद बंदर या भागांतील एखाद्या चाळीत गावच्या लोकांनी मिळून एक खोली धरलेली असावयाची; तीत दहापासून तीसपर्यंत पुरुष राहावयाचे; भाडे, दिवाबत्ती, भांडीकुंडी यांचा खर्च सर्वांनी वाटून घ्यावयाचा; आणि या वाटणीचा हिशेब ज्या वहीत राहावयाचा तीच ही ‘मुंबईची वही’.

आता हे लोक मुंबईस गेले कसे, याचे थोडक्यात दिग्दर्शन करू. सातारचे छत्रपती शहाजी महाराज यांच्या १८४८ सालच्या निधनानंतर ते राज्य खालसा झाले, आणि १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. १८५६ साली ती गिरणी चालू झाली. म्हणजे एका बाजूने दरबार, गड आणि शिबंदी यांच्या आश्रयाने पोट भरण्याचे मार्ग आटले आणि दुसऱ्या बाजूने नवा मार्ग खुला झाला, हे दोन्ही एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत घडले. जावळीची जमीन डोंगरउताराची, पाऊस अतोनात, पीक भात, नाचणी व वरी यांचे, आणि तेही घरातल्या सर्व तोंडांना वर्षभर पुरणारे नव्हे. सबब एका भावाने शेत धरावयाचे आणि दुसऱ्याने मुंबई धरावयाची, ही वाटणी येथे फार लवकर रूढ झाली. वाट दोन तऱ्हांची होती. एक महाबळेश्वरावरून पोलादपूर-महाडकडे उतरून सावित्रीच्या खाडीने जलमार्गे. दुसरी वाई-पुण्यावरून बोरघाटाने. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाल्यावर दुसरी वाट अधिक चालती झाली असल्यास नवल नाही.

गिरण्यांत सर्वांत मोठी संख्या रत्नागिरीकरांची होती. पुणे, सातारा, कोल्हापूर या बाजूचे ते ‘घाटी’. हा शब्द पुढे मुंबईत हिणविण्यासाठी वापरला जाऊ लागला, तरी त्याचा मूळ अर्थ घाटावरचा एवढाच होय. अशा परस्थांनी मुंबई किती भरली होती हे शिरगणतीवरून दिसते. १९२१ साली मुंबईची लोकसंख्या ११,७५,९१४ होती आणि तींतील मुंबईतच जन्मलेले लोक शेकडा १६ च होते. त्या साली दर हजार पुरुषांमागे स्त्रिया अवघ्या सव्वापाचशेच्या घरात होत्या. बाकीच्या स्त्रिया कोठे होत्या, असा प्रश्न नगराच्या इतिहासकाराने विचारला तर त्याचे उत्तर मेढा, केळघर, कुडाळ, बामणोली या बाजूच्या गावांनी द्यावयाचे आहे.

खोलीची व्यवस्था कशी असे, याविषयी वृद्धांच्या तोंडून ऐकलेले व वह्यांत आढळलेले एकमेकांशी जुळते. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक, भिंतीशी एक खुंटी, वलणीवर एक हात जागा. गिरणीच्या पाळ्या निरनिराळ्या असल्यामुळे एकाने अंथरूण सोडावे व दुसऱ्याने त्यावर पडावे असा क्रम चाले. जागा अपुरी पडली की जिना, ओटी, गॅलरी आणि रस्त्याची कड. जेवण खोलीत शिजत नसे. ते शेजारच्या एखाद्या बाईच्या खानावळीत असावयाचे. नवा मुलगा गावाहून आला की त्याला प्रथम खोलीवर आणीत, दोन-चार महिने त्याची वर्गणी माफ असे, आणि गावचा जो कोणी गिरणीत मुकादम असेल त्याच्या शब्दाने तो ‘बदली’ म्हणून उभा राही. म्हणजे त्याला रोज दारापर्यंत जावयाचे. कोणी गैरहजर असेल तर काम, नसेल तर परत.

येथे शब्दांच्या अभ्यासकांस एक गंमत सांगण्यासारखी आहे. शिवकालीन व पेशवेकालीन कागदांत ‘मोकदम’ म्हणजे गावचा पाटील. ‘मोकदमानी’ म्हणजे पाटिलकीचे वतन. तोच अरबी शब्द गिरणीत ‘मुकादम’ होऊन बसला. गिरणीतला मुकादम माणसे कामावर घेई, काढी, रजा देई, उसने पैसे देई, प्रसंगी खोली मिळवून देई, आणि या सर्वांबद्दल दस्तुरीही घेई. पाटलाचे गुण आणि दोष त्याच्यात दोन्ही उतरले होते. पुष्कळ ठिकाणी तर गावच्या पाटील घराण्यातीलच पुरुष गिरणीत मुकादम असल्याचे दिसते. शब्दाबरोबर अधिकारही घाट उतरून गेला, असे म्हणावयास हरकत नाही. स्त्री कामगारांवर जी देखरेख करी तिला ‘नायकीण’ म्हणत. हाही शब्द जुनाच, केवळ धंदा बदललेला.

तसाच दुसरा शब्द ‘पट्टी’. जुन्या कागदांत सिंहासनपट्टी, मिरासपट्टी अशा अनेक पट्ट्या वाचकांच्या परिचयाच्या आहेत. नेमस्त साऱ्याहून वेगळी, प्रसंगपरत्वे बसविलेली वसुली ती पट्टी. मुंबईच्या वहीत हा भेद जसाच्या तसा पाळलेला आढळतो. दरमहाची ती ‘वर्गणी’ आणि यात्रेची, देवळाची, विहिरीची, शाळेच्या खोलीची ती ‘पट्टी’. ज्याने पट्टी दिली नाही त्याच्या नावापुढे ‘बाकी’, आणि बाकी फार थकली तर ‘सभेपुढे ठेवणे’. ही सभा म्हणजे जुन्या गोतसभेचेच रूप होय. तीत भाऊबंदकीचे तंटे येतात, बांधाचे तंटे येतात, बायको नांदविण्याच्या तक्रारी येतात. पंच दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून निकाल देतात, दंड करतात, आणि खाली हजर असलेल्यांच्या सह्या वा अंगठे घेतात. ज्याने सतराव्या शतकातील महजर वाचले आहेत त्याला या पानांची घडण ओळखीची वाटल्यावाचून राहणार नाही. अंतर एवढेच, की महजर देवळाच्या पारावर झाला आणि हा कागद तिसऱ्या मजल्यावरील गॅलरीत झाला.

या वह्यांवर साल बहुधा नसते. प्रत्येक पानावर तिथी किंवा तारीख असते, पण वर्षाचा अंक पहिल्या पानावर एकदाच घातलेला, आणि नेमके तेच पान गेलेले असते. सबब कालनिर्णयाच्या ज्या खुणा आम्हांस उपयोगी पडल्या त्या येथे विस्ताराने देतो. हाच या लेखातील संग्राहकांच्या विशेष कामाचा भाग होय.

पहिली खूण पैशाची. रुपये, आणे, पै असा हिशेब असेल तर ती पाने १ एप्रिल १९५७ च्या आधीची समजावी. मात्र जुन्या वळणाचे कारकून त्यानंतरही काही महिने आणे लिहीत राहिले, हे ध्यानात ठेवावे. ‘नवे पैसे’ हा शब्द आला तर १९५७ ते १९६४ या सात वर्षांतील लेखन. कारण १९६४ च्या जूनपासून ‘नवे’ हे विशेषण सरकारी व्यवहारातून गेले. दुसरी खूण जिल्ह्याच्या नावाची. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा वेगळा झाला व आमच्या भागास उत्तर सातारा म्हणू लागले. १९६० साली दक्षिण सातारचे सांगली झाले आणि आमचा पुन्हा नुसता सातारा झाला. म्हणून रबरी शिक्क्यावर ‘जि. उत्तर सातारा’ अशी अक्षरे असतील तर तो शिक्का या अकरा वर्षांत कोरलेला असला पाहिजे. शिक्का वापरात पुढेही राहू शकतो, म्हणून शिक्क्यावरून वरची मर्यादा ठरते, खालची ठरत नाही. तिसरी खूण टपालाची. ‘मुंबई १२’ असा पत्ता जुना. ‘४०० ०१२’ असा सहा आकडी असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. चौथी खूण नोंदणीची. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा १९५० चा आहे. त्याखालचा क्रमांक छापलेला असेल तर कागद त्याच्या आधीचा नव्हे.

लिपीवरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. मोडी शाळांतून १९५० च्या आसपास गेली हे खरे. पण हिशेबनीस ज्या पिढीचा असेल त्या पिढीची लिपी तो लिहितो. एकाच पानावर जमा मोडीत आणि नावे बालबोधीत, असेही आम्ही पाहिले आहे. रस्त्यांच्या नावांवरही भरवसा नको. डिलाईल रोडला ना. म. जोशी मार्ग हे नाव मिळून अनेक दशके लोटली, तथापि जुने लोक आजही डिलाईल रोडच म्हणतात व लिहितात.

वह्यांखेरीज खोलीच्या ट्रंकेत जे सुटे कागद असतात त्यांत मनिऑर्डरीच्या पावत्या सर्वांत मोलाच्या. ही टपालसेवा १८८० साली सुरू झाली व तिचे जुने रूप २०१५ साली बंद झाले. मुंबईहून दर पगाराला गावाकडे किती रुपये गेले, कोणाच्या नावे गेले, कोणत्या महिन्यात गेले नाहीत, हे या पावत्यांवरून कळते. खाली निरोपासाठी दोन बोटे जागा असे. तीत लिहिलेले चार शब्द, बैल विकू नये, धाकट्यास शाळेतून काढू नये अशा धर्तीचे, कुटुंबाच्या इतिहासाचे अस्सल साधन होत. सारावसुलीच्या नोंदींतून एखाद्या गावाच्या संपत्तीचा जो अंदाज निघतो तो या पावत्यांवाचून अपुराच राहील. कारण गावचा सारा कित्येक घरी मुंबईच्या पैशातूनच भरला जात होता.

मोठ्या घडामोडी वहीत कशा उमटतात हे पाहण्यासारखे आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीस प्लेगचा आरंभ झाला आणि पुढच्या काही महिन्यांत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून गेली. १८९१ साली ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ च्या गणतीत ७,७६,००६ भरली. इतक्या मागची गावकीची वही आमच्या पाहण्यात नाही. पण १९२८ च्या सार्वत्रिक संपाची, जो एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत चालला व ज्यात सुमारे दीड लाख कामगार होते, त्याची आठवण गावांच्या तोंडी परंपरेत आहे. संप लांबला की लोक गावी येत. पावसाळ्यात शेतावर हात मिळत आणि मुंबईत खाणारी तोंडे कमी होत. गावकी नसती तर सहा महिने संप टिकला नसता, असे आमचे मत आहे. आणि गिरणीमालकांस जे समजत नव्हते ते हेच, की आपला मजूर केवळ मजूर नसून अर्धा शेतकरी आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाची गोष्ट याच्या उलट झाली. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. या सालानंतरच्या वह्यांत वर्गणीच्या पानांवर एक विलक्षण बदल दिसतो. पूर्वी सभासदाच्या नावापुढे गिरणीचे नाव व खाते असावयाचे. आता ‘गावी’, ‘बाजारात’, ‘पहाऱ्यावर’, ‘टेम्पोवर’ असे शब्द येऊ लागतात, आणि मग तो रकानाच गळून पडतो. गिरणगाव कसे मोडले याचे याहून संक्षिप्त वर्णन आम्ही वाचलेले नाही.

गिरणीशिवाय जावळीच्या व पाटणच्या लोकांचा मोठा ओघ माथाडी कामाकडे, म्हणजे धान्य व भुसार यांची पोती डोक्यावरून वाहण्याकडे होता. पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील यांनी या लोकांची संघटना उभारली. तिच्या चळवळीचे फळ म्हणजे १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा. २३ मार्च १९८२ रोजी त्यांचा अंत झाला. माथाड्यांच्या टोळ्या गावनिहाय असत, आणि टोळीचा हिशेब व खोलीचा हिशेब कित्येकदा एकाच वहीत सापडतो. पुढे घाऊक बाजार मशीद बंदरहून वाशीस गेला तेव्हा वह्याही तिकडे गेल्या. म्हणून संग्राहकाने केवळ लालबाग-परळ धुंडाळून थांबू नये. जावळीच्या नावाची एक सहकारी बँक मेढ्यास आहे व तिच्या शाखा मुंबईत आहेत. खोलीतील उसनवारीपासून बँकेपर्यंतचा हा प्रवास स्वतंत्र लेखाचा विषय होय.

कोयनेचे प्रकरण तर मन विषण्ण करणारे आहे. १९६० नंतरच्या काही वर्षांत शिवसागर जलाशय भरत गेला आणि जावळीच्या पश्चिमेकडील कोयनाकाठची गावे पाण्याखाली गेली. लोक दूरदूरच्या जिल्ह्यांत विखुरले. या धरणावर निघालेली वीज राज्यभर गेली, मुंबईसही गेली. परंतु गाव नाहीसे झाले तरी गावाच्या नावाचे मंडळ चाळीत चालूच राहिले, अशी उदाहरणे या खोऱ्यात सांगितली जातात. देव पाण्यातून उचलून नव्या वसाहतीत बसविला, आणि त्याच्या यात्रेची पट्टी पूर्वीप्रमाणे मुंबईत बसत राहिली. ज्या गावाची पांढरी आज कोणास दाखविता येत नाही त्याचे एकमेव जिवंत दप्तर, असे या वह्यांस म्हटले पाहिजे. यांतील एकही वही गेली तर ते गाव दुसऱ्यांदा बुडाले.

इतके गुण सांगितल्यावर वहीचे मौनही सांगितले पाहिजे. साधनाची परीक्षा करताना ते काय बोलत नाही हे पाहणे अवश्य असते.

गावकीची खोली सर्व गावाची नव्हती. ज्या गावात पाणवठे वेगळे होते त्या गावाच्या खोल्याही वेगळ्याच झाल्या. कापड गिरण्यांच्या विणखात्यात अस्पृश्य मानलेल्यांस प्रवेश नसे. कारण धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि तोच धोटा दुसऱ्याने तोंडास लावावा हे इतर विणकरांस चालत नसे. विणखात्याची मजुरी सुताच्या खात्याहून अधिक, म्हणजे हा विटाळ थेट पोटावर येत होता. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न जाहीरपणे पुढे मांडला. स्वतः ते परळच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत अनेक वर्षे राहिले होते. सारांश, आमच्या एकेका गावाची मुंबईत दोन मंडळे असतात, एक गावाचे व एक बौद्ध वस्तीचे. १९५६ च्या धर्मांतरानंतर दुसऱ्याच्या नावात ‘बौद्ध’ हा शब्द आला. जो संशोधक पहिल्याची वही पाहून ‘गावाचा इतिहास’ लिहील त्याने अर्धाच गाव पाहिला. आमचा अनुभव असा, की दुसऱ्या मंडळाच्या वह्या पुष्कळदा अधिक नेटक्या असतात : सभेची कार्यपत्रिका, ठराव, सूचक, अनुमोदक सर्व यथास्थित. ज्यांस लेखनाचा अधिकार पिढ्यानपिढ्या नाकारला गेला त्यांनी तो हाती येताच किती जबाबदारीने वापरला, हे त्या पानांवर दिसते.

दुसरे मौन स्त्रियांचे. सभासदांच्या यादीत स्त्री नसते. नवरा वारल्यावर ‘कै. अमुक यांचे कुटुंब’ एवढीच तिची नोंद. परंतु खर्चाच्या बाजूस पाहावे : खानावळवालीस दिले, इतके, मागील बाकी, इतकी. या बायांनी गिरणगाव जेवू घातले आणि त्या स्वतः मात्र सावकाराच्या कचाट्यात राहिल्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांस कर्ज मिळवून देण्याची सोय केली, तेव्हा कोठे त्यांचे नाव स्वतंत्र कागदावर आले. गावी राहिलेल्या स्त्रीचे म्हणणे तर वहीत येणेच शक्य नव्हते. ते जात्यावर आले. गी पॉइटविन व हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो लाखावर संग्रह केला त्यात मुंबईस गेलेल्या धन्याविषयीच्या ओव्या विपुल आहेत. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे यांनी गावी राहिलेल्या मैनेच्या विरहावर लावणी रचून तिला संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे रूप दिले, ते याच अनुभवाच्या बळावर. वाटेगाव १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते, हे सहज नमूद करतो. वही आणि ओवी शेजारी ठेवून वाचल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही.

आता घाई का, ते सांगतो. भाडेनियंत्रणामुळे या खोल्यांची भाडी जुनीच राहिली आणि खोल्या टिकल्या. परंतु भाड्याची पावती बहुधा एकाच्या नावे असते. ती खोली धरताना जो पुढारी वा मुकादम होता त्याच्या नावे झाली. तो वारला, त्याची मुले, नातवंडे आली. आज चाळींची पुनर्बांधणी होत आहे. बी. डी. डी. चाळी, ज्या १९२० नंतर बांधल्या गेल्या आणि ज्यांच्या वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी मिळून २०७ इमारती होत्या, त्यांपैकी वरळीच्या काही रहिवाशांस २०२५ च्या ऑगस्टात नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीच्या जागी पाचशे चौरस फुटांचे घर उभे राहिले म्हणजे ‘खोली कोणाची?’ हा प्रश्न तिखट होतो. पावती सांगते एकाची; वही सांगते गावाची. चाळ कोणतीही असो, वंशजाने दावा केला की गावास आपला हक्क शाबीत करण्यास पन्नास-साठ वर्षांच्या वर्गणीच्या नोंदीखेरीज दुसरा पुरावा बहुधा नसतो. यामुळे झाले आहे असे, की कोठे वही वकिलाकडे आहे, कोठे ती लपविली आहे, कोठे ती ‘सापडत नाही’. वतनाच्या तंट्यात भाऊबंदांनी थळपत्र पळविल्याच्या हकीकती आपण हसून वाचतो. तोच प्रकार आज विजेच्या दिव्याखाली चालला आहे.

ज्या मंडळांत असा तंटा नाही त्यांची स्थिती वेगळ्या कारणाने बरी नाही. खोली विकून पैसे गावच्या देवळास दिले जातात, ट्रंक भंगारात जाते, वह्या रद्दीत. वाण्याच्या दुकानातील पुड्यांतून कागद सोडविणाऱ्या राजवाड्यांचे आम्ही गुणगान करतो. १८९८ साली त्यांचा पहिला खंड निघाला तेव्हा त्यांनी छापलेले पानिपतच्या काळचे कागद सुमारे एकशे चाळीस वर्षांचे होते. मुंबईच्या वह्या शंभराच्या आतबाहेरच्या आहेत. त्या दीडशे वर्षांच्या होतील तेव्हा त्यांस मान मिळेल हे निश्चित. त्या तोवर राहतील हे मात्र निश्चित नाही. आणखी एक. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली तेव्हा मुंबईकर हजारोंनी गावी आले आणि प्लेगच्या वेळी घडले असेल ते आमच्या पिढीने प्रत्यक्ष पाहिले : वेशीवरचा अडसर, शाळेत उतरविलेली कुटुंबे, आपल्याच माणसांची धास्ती. त्या दिवसांतील मंडळांचा सर्व व्यवहार, कोणास धान्य पोचवावे, कोणाची गाडी कोठे अडली, फोनवरील व्हॉट्सॲपात झाला. फोन बदलले आणि तो गेला. कागद वाळवी खाते, तरी काही उरते.

संग्राहकांनी पुढील गोष्टी सांभाळाव्या अशी आमची विनंती आहे. मूळ वही मागू नये. प्रथम तिची छायाचित्रे घ्यावी व वही मंडळाकडेच राहू द्यावी, कारण ती अजून लोकांच्या हक्काचा पुरावा आहे. पानांत ठेवलेल्या चिठ्ठ्या, पावत्या, आमंत्रणपत्रिका जेथल्या तेथे ठेवून त्यांचेही चित्र घ्यावे. चिठ्ठी कोणत्या पानात होती यावरून तिचा महिना ठरतो. दंड, कर्ज, नांदण्याचे तंटे यांतील माणसांची नातवंडे हयात आहेत. अशी नावे छापू नयेत. आडनावापेक्षा वाडीचे व भावकीचे नाव टिपून घ्यावे, कारण एकाच आडनावाचे चाळीस सभासद एका यादीत असतात. हिशेबनीस वृद्ध हयात असेल तर वही त्याच्या पुढ्यात ठेवून वाचावी. ‘नं. ३ ची बाकी’ म्हणजे काय हे तोच सांगू शकतो. आणि ट्रंक पाहावयास मिळाली तर झाकणाची आतली बाजू पाहण्यास विसरू नये. तेथे बहुधा देवाचे चित्र चिकटविलेले असते, आणि त्याच्या भोवती, पेन्सिलीने, पाळ्यांची, पगाराच्या तारखांची व गावच्या गाडीच्या वेळेची टिपणे असतात. ती कोणत्याही वहीत उतरलेली नसतात.